आज आप्पासाहेबांचा नंबर

लंकाबाईला हळू बोलता येत नसे. त्यात तिचा काही दोष नव्हता. जन्म दोर वळण्यात गेलेला. दोर वळताना एक माणूस या टोकाला फिरकी धरून बसतो आणि दुसरा घायपाताचा वाख, म्हणजे पानांतले धागे, सोडत सोडत मागे सरकत जातो. कासरा असेल तर ठीक, पण विहिरीचा नाडा वळायचा म्हणजे दोघांच्या मध्ये अख्खं खळं येतं. मग ‘सैल सोडा’, ‘पीळ बसला’, ‘थांबा’ हे ओरडूनच सांगावं लागतं. तोच आवाज तिच्या गळ्यात मुरला होता. ती नवऱ्याला भाकरी खायला बोलवी तेव्हा शेजारच्या दोन घरांतली माणसं हात धुऊन घेत. नवरा भिमाजी याच्या अगदी उलट. दिवसाकाठी चार वाक्यं बोलला तर त्या दिवशी तो फार बोलला असं समजायचं.

तिसगावच्या पलीकडे, माळाच्या कडेला त्यांचं गाव. गावाचे कासरे, दावी, नाडे याच घरातून जात. शिवाय गावाची हलगीही याच घराकडे. चैत्रात देवीचा छबिना निघे तेव्हा पुढे भिमाजी वाजवत असे. न बोलणारा हा माणूस हलगी हातात आली की असा काही बोलायला लागे की म्हाताऱ्यांचेही पाय जागच्या जागी हलत.

बहात्तरच्या आदल्या साली भिमाजीला विषमज्वर झाला. लंकाबाईने त्याला बैलगाडीत घालून मिशनच्या दवाखान्यात नेलं. तिथली एक नर्सबाई काम संपलं की घरी जाण्याआधी त्याच्या खाटेशी उभी राही, डोळे मिटून देवाशी बोले आणि त्यात त्याचं नाव घेई. भिमाजीला बरं कर, एवढंच. लंकाबाईच्या मनात हे फार खोल गेलं. एवढा मोठा देव, आणि त्याला कुणीतरी बसून भिमाजी नावाच्या माणसाबद्दल सांगतंय. भिमाजी उठला, हिंडूफिरू लागला, आणि त्याच सालच्या नाताळाला दोघांनी बाप्तिस्मा घेतला. पाळकांनी तिला विचारलं होतं, नवं नाव हवं का. ती म्हणाली, हेच राहू द्या, देवाला माझा पत्ता याच नावाने ठाऊक असेल.

चैत्र आला तेव्हा भिमाजी आपण होऊन आप्पासाहेबांच्या ओट्यावर गेला. आप्पासाहेब गावातले कर्ते गृहस्थ. त्यांचा शब्द सहसा कुणी मोडत नसे. भिमाजीने हात जोडून सांगितलं की छबिन्याला लागेल तेवढा दोर फुकट वळून देतो, पण पुढे वाजवायला आता येता येणार नाही. त्या वर्षीचा छबिना हलगीवाचून निघाला. गावाला ते लागलं, आणि खरं सांगायचं तर लागण्यासारखंच होतं. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गोष्ट एका माणसाने हात जोडून थांबवली होती. पुढे पाऊस आला नाही तेव्हा त्याचा संबंधही लोकांनी छबिन्याशी जोडला. बैठक बसली. दोर यांच्याकडून घ्यायचा नाही, गिरणीत यांचं दळण घ्यायचं नाही आणि विहिरीवर यांना पाणी घालायचं नाही, असं ठरलं. भिमाजी हलगी घेऊन पुन्हा उभा राहिला की सगळं माफ.

यातलं पाण्याचं सगळ्यांत जड. त्या वेळी लंकाबाईच्या वस्तीतल्या बायका गावविहिरीला हात लावत नसत. कडेला घागर ठेवायची, गावातली कुणी बाई आपल्या पोहऱ्याने ती भरायची. बहुतेक वेळा आप्पासाहेबांच्या पत्नी मालनबाईच भरत. आता लंकाबाईची घागर कडेला तशीच राहू लागली. मालनबाई आपली कळशी भरून, मान खाली घालून निघून जात. वस्तीचा आड आटलेला. मग लंकाबाई पहाटे ओढ्याच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून बसे. वाटीवाटीने पाणी झिरपे, तेवढं घरी आणी. दिवसा दुष्काळी कामावर खडी फोडायला जाई. तिथे मजुरी सरकारची, म्हणून ती कुणाला बंद करता येईना, पण बायका आपापला दगडांचा ढीग तिच्यापासून लांब ओढत. दुपारी तीही सावलीला जायची, पण सावलीत तिच्या शेजारी कुणी नसे.

पाळक सायकलवरून रविवारी येत. तिने सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, जे छळतात त्यांच्यासाठी प्रार्थना कर. तिने विचारलं, कोणासाठी, सगळ्या गावासाठी? ते म्हणाले, हो. ‘सगळं गाव’ हे तिला कुठून धरावं तेच कळेना. दवाखान्यातली नर्सबाई तिला आठवली. शेवटी म्हणाली, “मी एकेकाचं नाव घेत जाते. समद्यांचं येकदम मागितलं तर देवबापाला तरी कोन कुठला कसं उमजावं?” पाळक हसले आणि हो म्हणाले.

ख्रिस्ती मंडळीतल्या बायकांची एक रीत होती. पीठ मळण्याआधी परातीतलं चिमूटभर पीठ देवाच्या नावाने गाडग्यात टाकायचं. रविवारी सगळ्यांचं गोळा होई आणि मंडळीतल्या एखाद्या एकट्या म्हातारीच्या घरी जाई. रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीचं पीठ, तेही जात्यावर दळलेलं, त्यातूनही लंकाबाई चिमूट काढीच. आता तिने दोन्ही एकत्र केलं. दिवेलागणीला चिमणी लावायची, चिमूट उचलायची, गावातलं एक नाव घ्यायचं, त्या माणसासाठी काय मागायचं ते मागायचं आणि पीठ गाडग्यात सोडायचं. घरांच्या रांगेने ती चालली होती. नाव आलं की त्या घरातली दुखणी, गुरं, बाळंतपणं सगळी तिला आठवत, आणि मागता मागता रागाचा पीळ थोडा सुटे. हे तिला स्वतःलाच नवल वाटे. आप्पासाहेबांच्या नावापाशी आली की मात्र ती पुढचं घर धरी.

पाळकांनी एकदा विचारलं तेव्हा तिने कबूल केलं. “त्यांचं नाव तोंडातून भाईर निघत न्हाई. मालनबाईची कळशी दिसती डोळ्यापुढं.”

पाळकांनी घाई केली नाही. निघेल तेव्हा निघेल म्हणाले.

एका संध्याकाळी गावातली कडूबाई चुकलेली शेळी शोधत लंकाबाईच्या घराच्या कुडाशी आली. कडूबाईची जीभ वाईट नव्हती, फक्त फार वेगवान होती. तिने कुडाच्या फटीतून पाहिलं ते असं: चिमणीची ज्योत, तिच्यापुढे बसलेली लंकाबाई, चिमटीत पीठ, आणि मोठ्या आवाजात गावातल्या गोरक्षनाथाचं नाव. गोरक्षनाथाचा बैल चार दिवसांपूर्वीच लंगडायला लागला होता. पुढचं ऐकायला कडूबाई थांबली नाही. शेळी तिथेच राहिली. थांबली असती तर लंकाबाई त्या बैलाचा खूर बरा व्हावा म्हणूनच मागत होती हे तिला कळलं असतं.

दोन दिवसांत गावभर झालं की लंका करणी करते, एकेकाचं नाव घेऊन गाडग्यात घालते. खडीवर ती जवळून गेली की बाया लेकरांच्या तोंडावर पदर ओढू लागल्या. भिमाजी गावातून ऐकून आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. पोरांनी काठ्या काढल्या होत्या, आणि आप्पासाहेब म्हणाले होते की खरं निघालं तर यांचं घर गावातून उठवायचं.

त्या संध्याकाळी भिमाजीने आढ्याला टांगलेली हलगी काढली आणि चुलीपुढे शेकायला धरली. कातडं तापून ताणलं गेलं. मग तो म्हणाला, “येकदा वाजवून येतो. मिटंल.”

लंकाबाईला हे घर हवं होतं, हे खळं हवं होतं. दुसरीकडे जायचं तर कुठे जायचं, हेही तिला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, “तुमाला वाटंल तर वाजवा, मी आडवी येत न्हाई. पर भ्यून वाजवू नका. भ्यालेल्या हातानं हलगीला काय बोलता यायचंय?”

भिमाजीने हलगीवर एकदा बोटं टेकवली, वाजवली नाही, आणि पुन्हा आढ्याला टांगली. मग त्याने दुसरी गोष्ट सुचवली. निदान नावं तरी मनातल्या मनात घे.

तिने तसा प्रयत्न केला. डोळे मिटून, ओठ न हलवता ती बसली. थोड्या वेळाने लक्षात आलं की आपण उद्याच्या पाण्याचा आणि फाटलेल्या पदराचा विचार करतोय. तिने डोळे उघडले. म्हणाली, “ह्ये जमत न्हाई. आन चोरून मागायचं म्हंजी मग करणीच झाली की वो.”

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आप्पासाहेब, गोरक्षनाथ आणि आणखी दोघं-तिघं कुडामागे येऊन उभे राहिले. पोरांना त्यांनी आणलं नव्हतं. आधी आपल्या डोळ्यांनी पाहू, मग ठरवू, असा त्यांचा विचार. आत लंकाबाईला याची काही कल्पना नव्हती. तिने चिमणी लावली, परातीत पीठ घेतलं, चिमूट उचलली आणि हात तसाच धरून बसली. घर उठवायची भाषा ज्याने केली त्याला आता वगळलं तर तो मनात कायमचा ठाण मांडून बसेल, हे तिला दिवसभर खडी फोडताना कळून चुकलं होतं.

“देवबापा,” ती म्हणाली, आणि आवाज कुडाच्या पार गेला, “आज आप्पासाहेबांचा नंबर. लई दिस मी त्येन्ला टाळलं, तुला ठावं हाय. आजबी मनातून न्हाई मागत. तू सांगितलंस म्हनून मागती, मनाचं तू बघ.”

कुडामागे आप्पासाहेबांनी फटीला कान लावला.

“त्येंच्या पोटात जळतंय. जेवल्यावर ओट्यावर छाती चोळत बसत्यात, सारं गाव बघतंय. मालनबाई सांगून थकली, पर खर्डा काय सुटत न्हाई. पोट तू बरं करशील, पर खर्डा त्येंचा त्येन्लाच सोडावा लागंल, तेवढी आक्कल दे. पानी त्येंनी बंद केलं ते मी सांगत न्हाई, चुगली व्हईल. त्येंच्या हिरीला पानी ऱ्हाऊ दे. त्येंच्या दारात लेकराबाळांची खुशाली ऱ्हाऊ दे. आन माज्या मनातला ह्यो गोळा तेवढा काढ, लई जड झालाय.”

मग तिने पीठ गाडग्यात सोडलं, डोळ्यांना पदर लावला आणि भाकरीला पाणी घेतलं.

कुडामागे गोरक्षनाथाने तोंडात उपरणं कोंबलं होतं. त्याचे खांदे हलत होते. खर्ड्याचं ऐकल्यापासून त्याला हसू आवरलं नव्हतं. आप्पासाहेबांचा हात मात्र छातीवर होता, कारण ते नुकतेच जेवून आले होते. ते माघारी वळले. वाटेत कुणीतरी विचारलं की आता काय करायचं. ते म्हणाले, “काय करायचं? घरी जायचं.”

हे सगळं लंकाबाईला पुढे गोरक्षनाथाकडून कळलं. त्या वेळी तिला कळलं ते एवढंच, की दुसऱ्या दिवशी ती घागर घेऊन ओढ्याकडे निघाली तेव्हा विहिरीपाशी मालनबाईंनी तिला हाक मारली. घागर ठेव म्हणाल्या. पोहरा वर येईपर्यंत दोघीही विहिरीत पाहत राहिल्या. घागर भरल्यावर मालनबाई हळूच म्हणाल्या, “माझा नंबर कवा?”

लंकाबाईला पहिल्यांदा काही समजेना. समजलं तेव्हा ती जन्मात एकदाच हळू बोलली. म्हणाली, “तुमचं तर पहिल्या दिशीच घेतलं, बाई.”

बंदी उठली असं कुणी बोलून दाखवलं नाही. बैठकही पुन्हा बसली नाही. पाणी सुरू झालं, मग दोन-चार घरांनी दावी मागितली. गिरणीवाला मात्र दिवाळीपर्यंत अडून राहिला, आणि वरच्या आळीतल्या एका घराने लंकाबाईवर कधीच विश्वास ठेवला नाही. पुढच्या चैत्रात छबिन्याला शेजारच्या गावाहून हलगी आली. भिमाजीने दोर वळून दिला, आणि वाजवणाऱ्याचा ताल कुठे ढिला पडतो ते खळ्यात बसून ऐकत राहिला.

खडीवर लंकाबाईच्या शेजारचा ढीग आता कडूबाईचा असे. आपलं नाव अजून कसं आलं नाही, याचा तिला राग होता. तिच्या घराची रांग उशिरा येते, हे कारण तिला पटत नव्हतं. मग सुनेचे दिवस भरत आले म्हणून तिला रांगेबाहेर घ्यावं लागलं. तिचं पाहून आणखी एकीने मुलाचा खोकला सांगितला, दुसरीने नवऱ्याचं नगरला अडकलेलं काम. पूर्वी एका नावावर भागत होतं, तिथे आता लंकाबाई परात पुढे घेऊन बराच वेळ बोलत बसे. चिमणीतलं रॉकेल कमी होई, तवा तापून धुरावे. भिमाजी ताटाशी बसून ऐकत असे. एकदा त्याने घसा साफ केला आणि म्हणाला, “येवढ्यांचं ऐकून देव दमला नसंल, पर मला भूक लागली.”

लंकाबाईने उरलेली दोन नावं पटकन घेतली आणि भाकरी थापायला लागली.