डॅरेलसाहेबांचं डिफेन्स आणि माझं युद्ध

हे तुम्हाला सांगावं की न सांगावं, असं मला दर वेळी वाटतं. पण चहा आलाय, सुनंदा आत आहे, तेवढ्यात सांगून टाकतो. ती बाहेर आली की ती सांगेल, आणि ती सांगायला लागली की मला बसायला जागा उरत नाही.

तर मी एका माणसाला परस्पर सैन्यात भरती केलं होतं. नुसतं भरती नाही, त्याला लढवलं, जखमी केलं, आणि त्याच्या धारातीर्थी पडलेल्या सहकाऱ्यांना श्रद्धांजलीही वाहिली. तो माणूस आयुष्यात बंदुकीला शिवला नव्हता.

कारगिल होऊन फार दिवस झाले नव्हते, त्या सुमाराची गोष्ट. मी कतारमध्ये मेसईदला, खताच्या कारखान्यात, स्टोअर्समध्ये होतो. कंपनीचं घर, कंपनीची बस, आणि खिडकीतून बघाल तिकडे कंपनीच्याच चिमण्या. अशात माझे सासरे व्हिजिट व्हिजावर आमच्याकडे आले. आबा. गाव साताऱ्याकडचं, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त. पहाटे उठायचे, दाढी करायचे, मिशी सारखी करायचे, बूट पॉलिश करायचे आणि कडक तयार व्हायचे. आता तयार होऊन जाणार कुठं? बाहेर वाळू.

आठवड्याभरात आमच्या घरातल्या चपला उंचीप्रमाणे रांगेत लागल्या. मग मसाल्याचे डबे फॉलिन झाले. मग घरात शिस्त लावायचं काही उरलं नाही, तेव्हा ते माझ्याकडे बघायला लागले.

"पावनं," एका संध्याकाळी म्हणाले, "माजं तिकीट जरा आलीकडं घ्या. हितं बोलाया मानूस न्हाई."

मी समोरच बसलो होतो. पण माझी गणना माणसांत होत नसावी.

सुनंदा आत जाऊन रडली. "पहिल्यांदा आलेत माझे वडील. आणि तुम्हाला त्यांच्याशी चार वाक्यं बोलता येईनात?"

आता चार वाक्यं काय बोलणार? मी विचारायचो, "आबा, चहा?" ते म्हणायचे, "झाला." दोन वाक्यं तर इथंच संपली.

असा मी काळजीत असताना कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर डॅरेलसाहेब येऊन बसले. आमचे सेफ्टी मॅनेजर. ऑस्ट्रेलियन. उंची दारात वाकून यावं लागेल एवढी, नाक दोन-तीनदा मोडून पुन्हा बसवल्यासारखं, आणि चालताना उजवा पाय ओढायचे. समोर कुणीही असो, त्याला 'मेट' म्हणजे दोस्त म्हणायचे. त्यांचं इंग्रजी मला निम्मं कळायचं. उरलेलं निम्मं मी माझ्या हिंमतीवर भरून काढायचो. सगळं रामायण त्यातूनच घडलं.

त्या दिवशी सहज विचारलं, "सर, पायाला काय झालं?"

"गुडघा," साहेब म्हणाले. "डिफेन्समध्ये गेला. माझं सगळं तारुण्य डिफेन्समध्ये गेलं, मेट. शेवटी शेवटी कॅप्टन होतो."

आता तुम्हीच सांगा. आपल्याकडे कुणी म्हणालं, 'माझा मुलगा डिफेन्समध्ये आहे,' तर तुम्ही काय समजता? मी तेच समजलो.

"सर," मी जवळजवळ उभाच राहिलो, "माझे फादर-इन-लॉ पण डिफेन्समध्येच होते."

साहेबांचे डोळे चमकले. "रिअली? इंडियात? कुठल्या पोझिशनला?"

"फ्रंट," मी छाती काढून म्हणालो. "कायम फ्रंटला."

साहेब गोंधळले. "फ्रंटला? मग डिफेन्समध्ये कसे?"

"इंडियात डिफेन्सवालेच फ्रंटला जातात, सर."

साहेबांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "इंटरेस्टिंग. आम्ही हे कधी करून बघितलं नाही."

मी त्यांना शुक्रवारी दुपारी जेवायला बोलावून टाकलं.

घरी येऊन सांगितलं, तेव्हा आबा पहिल्यांदा माझ्याकडे तोंड करून बसले. "कॅप्टन? कंच्या पल्टनीचा?" म्हणाले, "ऱ्हाऊ दे, मीच इचारीन." सुनंदाने कोंबडी ठरवली, भाकरी ठरवली. मी हे फक्त शेजारच्या रफिकभाईंना सांगितलं. रफिकभाई रत्नागिरीचे, जेटीवर क्लार्क, आणि त्यांना सांगितलेली गोष्ट सहसा बोटीच्या आधी बंदराला लागते. शुक्रवारपर्यंत साहेबांना कॉलनीत कर्नलपद मिळालं होतं. एका बाईंनी तर सुनंदाला विचारलं, "छातीत गोळी आहे म्हणे अजून?"

शुक्रवारी रफिकभाई नमाजहून सरळ आमच्याकडे आले, अत्तर लावून. आबा ब्लेझर घालून बसले होते, खिशावर पदकांच्या फिती. साहेब आले, वाकून दारातून आत शिरले. आबांनी खाडकन सॅल्यूट ठोकला. साहेबांनी तो हात हवेतच पकडला आणि जोरजोरात हलवला. ऑस्ट्रेलियात अशी पद्धत असेल, असं मी मनाशी म्हटलं.

दुभाष्या अर्थात मी. आबांचं इंग्रजी लेफ्ट-राइटच्या पलीकडे नसणार, हे मी कुणालाही न विचारता ठरवलं होतं.

"कुटं हुबं ऱ्हायचे, इचारा," आबा म्हणाले.

मी विचारलं. साहेब म्हणाले, "फुल बॅक. एकदम मागं. शेवटची लाइन. माझ्या मागं काही नाही."

"आबा, शेवटची फळी," मी सांगितलं. "हे पडले की देश पडला."

आबांनी साहेबांकडे नीट निरखून बघितलं. मग मिशीवरून हात फिरवला. "बोटं कशानं वाकडी झाली, ते बी इचारा."

साहेबांनी दोन्ही पंजे पुढे केले. एक बोट सरळ असेल तर शपथ. "बॉलला पंच करून करून," ते म्हणाले.

बॉल. मी क्षणभर अडखळलो. पण डिफेन्स, कॅप्टन, शेवटची फळी, मग बॉल म्हणजे काय असणार? "तोफेचा गोळा," मी म्हणालो. "अंगावर आला की हे बुक्कीनं परतवायचे."

"बुक्कीनं?" रफिकभाईंचा घास हातातच राहिला. "तोफेचो गोळो?"

मलाही ते जरा जास्तच वाटलं. खात्री करावी म्हणून विचारलं, "पंच, सर?"

"पंच," साहेब ठामपणे म्हणाले. "पकडायला वेळ नसेल तर पंच."

"आनि येळ आसंल तर?" आबांनी विचारलं. चेहरा दगडासारखा.

"तर पकडायचा. दोन्ही हातांनी. छातीपाशी."

मी ते तसंच्या तसं मराठीत सांगितलं. रफिकभाईंनी साहेबांच्या ताटात आणखी एक तंगडी वाढली.

इतक्यात आमची नेहा, पाचवीतली, दारातून म्हणाली, "पप्पा, आय थिंक ही इज टॉकिंग अबाउट अ..."

"मोठी माणसं बोलतायत. आत जा," मी म्हणालो. काय सांगू, त्या दिवशी घरात अक्कल एकाच व्यक्तीला होती आणि मी तिला आत पाठवली.

साहेब आता रंगात आले होते. समोरच्यांचा सगळ्यात डेंजरस माणूस कायम त्यांच्याकडेच द्यायचे म्हणे. हे त्याला दिवसभर चिकटून राहायचे, श्वाससुद्धा घेऊ द्यायचे नाहीत. आणि 'अंपायर' बघत नसला की कोपर. त्या उच्चारात मला ते 'एम्पायर' ऐकू आलं. "ब्रिटिश साम्राज्याचं लक्ष नसलं," मी समजावून सांगितलं, "की हे शत्रूला कोपरानं मारायचे."

आबांना ठसका लागला. सुनंदाने पाणी दिलं. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. रस्सा तिखट झाला, असं सुनंदा म्हणाली.

"शेवटची कशी झाली, इचारा," ठसका बसल्यावर आबा म्हणाले.

साहेबांनी हातातली भाकरी खाली ठेवली. "शेवटची हरलो," ते म्हणाले. "एका पॉइंटने. सायरन वाजला होता, मेट. सगळं संपलं होतं. पण त्यांच्या एकाला सायरननंतरही शॉट मिळाला. माझ्या डोक्यावरून गेला. हात घातला, बोटाला लागला नाही. त्यातच गुडघा गेला. परत कधी उतरलो नाही."

कारगिलनंतर पॉइंट म्हणजे डोंगरावरचं ठाणं, हे मला कुणी सांगायला नको होतं. "आबा," मी म्हणालो, "एक पॉइंट शत्रूच्या ताब्यात गेला. तोही युद्धबंदीचा भोंगा वाजल्यावर गोळी झाडून. दगाफटका."

रफिकभाईंनी "तौबा" म्हटलं. सुनंदाने पदर डोळ्याला लावला. आणि मला काय सुचलं कोण जाणे, मी उठून उभा राहिलो आणि इंग्रजीत म्हणालो, "सर, त्या दिवशी जे गेले, त्यांच्यासाठी आपण दोन मिनिटं उभं राहू या."

सगळे उभे राहिले. साहेबही राहिले, जरा इकडेतिकडे बघत. आबा अटेन्शनमध्ये, पण त्यांची मिशी सारखी थरथरत होती. भावना अनावर झाल्या असणार, मला वाटलं. दोन मिनिटांनी साहेबांनी नाक पुसलं आणि माझा हात हातात घेतला.

"माझ्या गावात त्या हरण्याबद्दल लोक मला अजून शिव्या देतात," ते म्हणाले. "उभं कुणी राहिलं नव्हतं." मग त्यांनी पिशवीतून एक व्हिडिओ कॅसेट काढली. "त्या दिवसाची आहे. बघायची?"

रणांगणाचं प्रत्यक्ष चित्रण. मी पडदे ओढले. बायकामुलांनी आत जावं, रक्त असेल, असं जाहीर केलं. सुनंदा गेली नाही. नेहा तर पुढेच येऊन बसली. मी कॅसेट घातली.

टीव्हीवर हिरवंगार मैदान आलं.

त्यावर पंचवीस-तीस दणकट पुरुष, बिनबाह्यांच्या बनियनवर आणि ज्याला चड्डी म्हणावं की नाही असा प्रश्न पडेल इतक्या आखूड चड्डीवर, एका लांबट, अंड्यासारख्या चेंडूमागे पळत होते. दोन्ही टोकांना चार-चार खांब. एक तरुण डॅरेल दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा रोवून आभाळात चढला आणि त्याने तो चेंडू बुक्कीने उडवला. एक पांढऱ्या कोटातला गृहस्थ खांबांमध्ये उभा राहून दोन झेंडे हलवत होता.

रफिकभाईंनी आधी टीव्हीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सैन्य चड्डीवर?" त्यांनी हळूच विचारलं.

तुम्हाला खोटं वाटेल, पण मी म्हणालो, "ट्रेनिंग असेल." इतका मी आत गेलो होतो.

"पप्पा, इट्स फुटबॉल," नेहा म्हणाली. "ऑस्ट्रेलियन फुटबॉल. ही वॉज अ डिफेंडर. आय ट्राइड टु टेल यू."

माझ्या कानांत सायरन वाजायला लागला. साहेबांना काही कळलं नव्हतं. ते पडद्याला नाक लावून आपलं तारुण्य बघत होते. मी आबांकडे बघितलं. म्हटलं, आता उठतील, ब्लेझर काढतील आणि तिकीट मागतील.

आबा खुर्चीच्या कडेला सरकले होते. "गुड पंच, कॅप्टन," ते स्वच्छ इंग्रजीत म्हणाले. "बट युवर लेफ्ट साइड वॉज ओपन."

साहेब गर्रकन वळले. "एक्झॅक्टली, मेट! मी तेच ओरडत होतो त्यांना."

मग काय. आबा रेजिमेंटच्या फुटबॉल टीमचे फुल बॅक होते, हे सुनंदालाही माहीत नव्हतं. 'फुल बॅक' हा शब्द साहेबांच्या तोंडून आला तेव्हाच त्यांना सगळं कळलं होतं. ते दोघं जेवणभर फुटबॉलबद्दल बोलत होते. मध्ये फक्त मी होतो, तोफा घेऊन.

साहेबांना पोचवून आल्यावर मी विचारलं, "आबा, मग मला थांबवलं का नाही तुम्ही?"

"म्या म्हनलं," आबा बुटाची नाडी सोडत म्हणाले, "जावई येवडा जीव तोडून लढतोय, मदीच माघारी कशाला बोलवा?"

तिकीट काही अलीकडे घ्यावं लागलं नाही. उलट व्हिजा वाढवून घेतला. दर शुक्रवारी साहेब यायचे, ते दोघं कॅसेट लावून बसायचे आणि एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करायचे. दुभाष्याची गरज कुणाला पडली नाही. मला फक्त चहा आणायला सांगायचे.

एकदा आबा गावाकडं भावाशी फोनवर बोलत होते. मी चहा घेऊन दाराशी पोचलो तर माझाच विषय निघालेला.

"जावई न्हवं? लई धाडसी गडी," आबा सांगत होते. "आरं, हितं कुनी कुनाशी लडत न्हवतं, तरी ह्यो येकटाच युद्धावर गेलता. आनि त्ये बी हरून आला."