कंडक्टरकाकांचा पेला

आमच्या चर्चच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे. पाळकसाहेबांची प्रार्थना झाली की द्राक्षरसाच्या बोटभर पेल्यांचा ट्रे कंडक्टरकाका उचलत आणि बाकामागून बाक फिरवत. सगळ्यांना देत. स्वतः घेत नसत. शेवटच्या बाकावरून वळताना ट्रेमध्ये एक पेला भरलेला उरे. तो तसाच पुढे आणून ते टेबलावर ठेवत आणि आपल्या जागी जाऊन डोळे मिटून बसत. मी हे लहानपणापासून पाहिले. मंडळीतल्या प्रत्येकाला ते ठाऊक होते आणि त्याबद्दल कोणी मोठ्याने बोलत नसे.

तीस वर्षे ते नगर-पाथर्डी रस्त्यावर लाल गाडीचे कंडक्टर होते. त्यामुळे चर्चच्या फरशीवरसुद्धा ते पाय फाकून, गुडघे किंचित वाकवून चालत, जणू पुढे वळण येणार आहे. एवढ्या वर्षांत त्यांच्या ट्रेमधून एक थेंब सांडला नाही. गाडीत त्यांचे तीन नियम होते. तिकीट सगळ्यांना. कडेवर मूल असलेली बाई उभी असेल तर तिला कंडक्टरची जागा. आणि गाडी बंद पडो की काहीही होवो, कंडक्टर सर्वांत शेवटी उतरणार. एकदा आमचे जुने पाळकसाहेब गाडीत चढले आणि हसत म्हणाले, “आम्हाला कसलं तिकीट? देवाच्या कामाला निघालोय.”

“मग देवाच्या नावानं फाडू का?” काका म्हणाले. “पण फुल फाडीन. हाफ नाही.”

या तीन नियमांपैकी दुसरा त्यांना महागात पडला. मी तेव्हा पाच-सहा वर्षांची असेन. घाट उतरताना समोरून आलेला टेम्पो चुकवायला गेलेली गाडी नाल्यात कलंडली. पाथर्डीकडची एक तरुण आई पुढे काकांच्या जागेवर बसली होती. काकांनीच उठून तिला ती जागा दिली होती. ती जागच्या जागी गेली. तिच्या मांडीवरची तान्ही मुलगी वाचली. काका मागे तिकिटे देत उभे होते. त्यांच्या खांद्याला मार लागला, एवढेच.

संकटातून माणूस वाचला की आमच्याकडे घरी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवतात. काकूंनीही ठेवली. गाणी झाली, आत पुलाव शिजत होता, आणि एकेक जण उठून साक्ष देऊ लागला, की पाहा, देवाने कसे नेमक्या वेळी कंडक्टरला जागेवरून उठवले! सगळे ‘आमेन’ म्हणाले. मग काका उठले. पुढचे माझ्या आईने मला इतक्या वेळा सांगितले आहे की ते मी स्वतः ऐकल्यासारखे वाटते.

“मी उठलो ते तिला बसता यावं म्हणून,” काका म्हणाले. “मला वाचवायला देवानं मला उठवलं असेल, तर तिला तिथं बसवलं कुणी? मी माझ्या गाडीत असं केलं असतं, आपला माणूस काढून त्या जागी दुसऱ्याला बसवलं असतं, तर तुम्ही मला मंडळीत ठेवलं असतं का?”

एवढे बोलून काका आत गेले. पुलाव मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने सगळ्यांना वाढला.

प्रभुभोजनाआधीचा नियम आम्हा सर्वांना पाठ आहे. कोणाची आपल्याविरुद्ध तक्रार असेल तर आधी त्याच्याकडे जा, समेट करा, मग या. बहुतेकांचा समेट शनिवारी फोनवर उरकतो. काका गाडीत बसून पाथर्डीच्या पलीकडच्या त्या गावी गेले. घरातली माणसे ऊसतोडीला गेली होती. तान्हीला घेऊन तिची आजी तेवढी मागे राहिली होती. काका दारातच उभे राहून म्हणाले, “तुमची लेक माझ्या जागेवर बसली होती.”

आजीने पाण्याचा तांब्या पुढे केला. “तुमी जागा दिली, बाबा. लेकरू घिऊन उभी हुती ती, लई बरं केलं तुमी. आमचा तुमच्यावर राग न्हाई. पानी प्या.”

त्यानंतर दर वर्षी काका तिथे जात. मुलगी शाळेत जाऊ लागल्यावर तिच्यासाठी नवे दप्तर नेत. झाला ना आता समेट, असे काकूंनी विचारले तेव्हा म्हणाले, “आजीशी झाला. आता वरच्याशी तेवढा राहिला. तिथं तक्रार माझी आहे. आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार असेल त्यानं जायचं, हा नियम त्यानंच घातलाय. त्यानं यावं.”

मी पत्रकांवर वाढले. वडील बाजारात आणि स्टँडवर सुवार्तेची पत्रके वाटत. घरी पलंगाखाली त्यांचे गठ्ठे असत आणि गोष्टींच्या पुस्तकांऐवजी मी तेच वाचत असे. उद्गारचिन्हाने संपणारे प्रत्येक वाक्य मला खरे वाटे. सतराव्या वर्षी मी स्वतःचे पत्रक लिहिले. ‘देवाला कोण जाब विचारणार!’ देव करतो ते चांगलेच, कारण ते देव करतो, असे मी त्यात ठासून सांगितले होते. पहिली प्रत काकांना दिली. तिकिटाला भोक पाडायचे जुने चिमटे भंगारात निघाले तेव्हा काकांनी एक मागून घेतला होता. न पटलेल्या ओळीखाली ते रेघ मारत नसत, भोक पाडत. माझ्या पत्रकाची चाळणी होऊन ते परत आले.

“काय गं पत्रकवाले,” काका म्हणाले, “चांगलं म्हणजे देव करतो ते, एवढंच असेल, तर ‘देव चांगला आहे’ असं रविवारी गातेस त्याचा अर्थ काय? देव देव आहे, इतकाच ना? त्याला पेटी कशाला वाजवायची?”

मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी उलट्या टोकाला गेले. दुसरे पत्रक लिहिले, ‘असा देव सोडून द्या!’ या वेळी त्यांनी दोनच भोके पाडली, पण दोन्ही मथळ्यावर.

“ड्रायव्हर चुकतोय असं वाटलं तर घंटी मारायची,” ते म्हणाले. “चालत्या गाडीतून उडी टाकणाऱ्याचं काय होतं ते मी पाहिलंय.”

“आणि त्यानं घंटी ऐकलीच नाही तर?”

“तर परत मारायची. माझ्या हातात दोरी आहे गं, ब्रेक नाही.”

पुढे नवे पाळकसाहेब आले. तरुण, अभ्यासू आणि मनाने सरळ. एका पहिल्या रविवारी उपासना संपल्यावर त्यांनी काकांना थांबवले. मी तिथेच पेले गोळा करत होते. “काका, तुम्ही स्वतः घेत नसाल तर ट्रे दुसऱ्या कुणाला द्यावा लागेल,” ते म्हणाले.

“कंडक्टर सगळ्यांना तिकीट देतो, स्वतः काढत नाही. म्हणून त्याला गाडीतून उतरवता का?”

पाळकसाहेबांना हसू आले, पण त्यांनी मुद्दा सोडला नाही. “मातीनं कुंभाराला जाब विचारावा का, काका?”

“न विचारला तरी चालेल. पण दुसऱ्याचं मडकं फोडू नको, हे या कुंभारानंच मातीला शिकवलंय ना? मग माती त्याच्या हाताकडे बघणारच.”

पाळकसाहेबांनी टेबलावरच्या भरलेल्या पेल्याकडे पाहिले. मग हळू आवाजात म्हणाले, “त्यानं स्वतःचा मुलगा क्रुसावर दिला, काका.”

माझ्या जिभेवर उत्तर तयार होते. काकांनी हात करून मला थांबवले. “हो,” ते म्हणाले. “तेवढी एक गोष्ट त्याच्या बाजूची आहे. म्हणून तर ट्रे उचलतो.”

ट्रे त्यांच्याकडेच राहिला.

गेल्या वर्षी त्यांच्या फुप्फुसांनी हात टेकले. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितले. घर नगरच्या सावेडीत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. काकांना खुर्चीत बसवून चौघांनी वर नेले. आजारी माणसाला घरी प्रभुभोजन देण्याची आमच्यात रीत आहे, पण काकूंनी ते मागितले नव्हते. एके दिवशी त्या माझ्याकडे येऊन रडल्या. “हे असेच गेले तर? पेला न घेता?” मीच पाळकसाहेबांना फोन केला. त्यांच्यावर दबाव आणणार असाल तर येऊ नका, असेही बजावले.

ते रविवारी दुपारी आले. योगायोग असा, की त्याच सकाळी पाथर्डीची आजी नातीला घेऊन काकांना बघायला आली होती. ती तान्ही मुलगी आता कॉलेजात जाते. पाळकसाहेब छोटा ट्रे दोन्ही हातांत धरून जिना चढून आले. घामाघूम झाले होते. थोडी प्रार्थना झाली. काकूंनी पेला घेतला. मीही घेतला, का ते मला आजही नीट सांगता येणार नाही. काका उशीला टेकून सगळे बघत होते.

“सगळ्यांना मिळालं?” त्यांनी विचारले.

“मिळालं.”

“आजींना?”

“मला च्या दिला की, बाबा,” आजी म्हणाली. “आता ऱ्हायले ते तुमीच.”

काकांनी पाळकसाहेबांकडे पाहिले. “तीन जिने चढून आलात?”

“तीन.”

“म्हणजे तो आला म्हणायचा,” काका म्हणाले आणि थोडा दम खाल्ला. “मग द्या माझा.”

पेला ओठांपाशी नेताना एक थेंब चादरीवर सांडला. काकू पदराने पुसायला पुढे झाल्या. काका म्हणाले, “राहू दे.”

पाळकसाहेब गेल्यावर मला राहवले नाही. मी विचारले, “मिटलं का, काका?”

“नाही गं. विचारायचं ते विचारणारच आहे मी. पण दारात आलेल्याला तसंच परत पाठवायचं नसतं. त्याला नियम लागू असोत नसोत, मला आहेत.”

पुढच्या आठवड्यात ते गेले. त्यांचा चिमटा काकूंनी मला दिला. मी अजून पत्रके लिहिते, ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांच्या शाळेबद्दल, आणि मंडळीत ज्या गोष्टी कुजबुजत बोलल्या जातात त्यांच्याबद्दल. छापायला देण्याआधी चिमटा घेऊन बसते. या लेखाच्या कच्च्या प्रतीत, त्या रविवारच्या दुपारबद्दल, मी आधी लिहिले होते की काकांचे देवाशी असलेले भांडण अखेर मिटले. वाचायला छान वाटत होते. त्या ओळीला मी भोक पाडले आहे.