परत केलेला करंडक

निर्मलाताई पंच्याहत्तर वर्षांच्या झाल्या, यावर माझा अजूनही विश्वास बसत नाही. त्यांची-माझी पहिली भेट झाली ती बडोद्याच्या अकोटा भागातल्या त्यांच्या घरी. मी नुकतीच लग्न होऊन बडोद्यात आले होते, यजमान बाजव्याजवळ एका कारखान्यात होते. शेजारच्या हंसाबेन म्हणाल्या, "चालो ने, ब्रिज शिकूया," आणि मी निघाले. ताईंनी दारातच विचारलं, "पत्ते येतात?"

"बदाम सात येतो."

"मग बसा. पुढचं मी बघते."

ताई तेव्हा कॉलेजात गणित शिकवत. शनिवारी दुपारी आम्हा दहा-बारा जणींना त्या ब्रिज शिकवत, चहाही स्वतःच करत. चुकलं म्हणून चारचौघांत त्यांनी कुणाला कधीच झापलं नाही. एकदा मी माझ्याच पार्टनरचा, हंसाबेनचा, एक्का हुकूम टाकून कापला. ताईंनी पुढचे पत्ते वाटायला सांगितले. चहाच्या वेळी मात्र कप हातात देत हळूच म्हणाल्या, "एक्का कुणाचा होता हो?" तो एक्का मी आजवर विसरलेले नाही.

घरी मात्र सासूबाईंचं एकच पालुपद होतं, "निघाली पत्ते कुटायला!" त्यामुळे बडोद्याच्या खुल्या, म्हणजे स्त्री-पुरुष एकत्र खेळतात त्या स्पर्धेत 'सर्वोत्कृष्ट महिला जोडी' म्हणून माझं नि हंसाबेनचं नाव पुकारलं, तेव्हा मी अक्षरशः धावत मंचावर गेले. हा एवढा मोठा, चकचकीत करंडक! शोकेसमध्ये ठेवला की घरातली तोंडं बंद, असा माझा हिशेब होता.

तेवढ्यात स्पर्धेच्या समितीवर असलेल्या ताई उठल्या. हातात निकालाची यादी होती. "या दोघी सगळ्यांत मिळून चौथ्या आल्यात. यांचं चौथं यांना द्या." संयोजक बिचारे गोंधळले. "पण ताई, चौथ्याला नुसतं प्रमाणपत्र आहे. बेनलोकांना करंडक मिळतोय, तो काय वाईट?" ताई हलल्या नाहीत. शेवटी करंडक माझ्या हातातून गेला आणि सावली गावाहून आलेल्या दोघींना मिळाला. बायकांत आमच्या खालोखाल त्याच, एकूण तेराव्या होत्या.

मी रस्त्यातच ताईंवर भडकले. "मग महिलांचा करंडक ठेवताच कशाला?"

"त्या दोघींसाठी. करंडक आहे म्हटल्यावर घरचे पाठवतात. तुम्ही आता वर पोचलात, तुम्हाला खाली कशाला उतरवू देऊ?"

मला काही ते पटलं नाही. तीन शनिवार मी अकोट्याकडे फिरकले नाही. चौथ्या शनिवारी ताईच आमच्या घरी आल्या. सासूबाईंशेजारी बसून त्यांनी पिशवीतून ती यादी काढली आणि एकेक नाव वाचायला लागल्या. "ही तुमची सून, चौथी. हे डॉक्टर, नववे. आणि हे तुमच्या चिरंजीवांचे मोठे साहेब, एकविसावे."

"म्हणजे साहेब हिच्या खाली?" सासूबाईंनी चष्मा लावून स्वतः खात्री केली. मग अशा काही हसल्या की मीही राग विसरले. ती यादी त्यांनी देवघराच्या कप्प्यात ठेवली. पुढच्या शनिवारी दोन वाजताच मला म्हणाल्या, "अगं, निघ ना, उशीर होईल!"

सावलीच्या त्या दोघी नंतर खुल्या स्पर्धेत दोनदा आमच्या वर आल्या. आता त्या तिथल्या मुलींना शिकवतात. ताईंना हे सांगितलं की त्यांचा चेहरा असा फुलतो, की आपण शिष्या असल्याचा अभिमान वाटतो.

गेल्या महिन्यातली गोष्ट. खुल्या स्पर्धेत ताई आणि हंसाबेन तिसऱ्या आल्या. संयोजकांनी प्रेमानं 'ज्येष्ठ खेळाडू' म्हणून ताईंना शाल आणि मोठा करंडक देऊ केला. सगळे टाळ्या वाजवत होते. ताई बोलायच्या आतच मी यादी घेऊन उभी राहिले. मी म्हटलं, "ताईंचं तिसरं ताईंना द्या."

ताईंनी तिसऱ्या क्रमांकाचं प्रमाणपत्र घेतलं, माझ्याकडे बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांना असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

ताई, तुमची तब्येत अशीच ठणठणीत राहो, बुद्धी अशीच तल्लख राहो. तुम्ही शंभरी गाठाल तेव्हाही निकालाच्या यादीत तुमचं नाव आम्हाला वरूनच शोधावं लागो.