चौथं शील

ऑफिसात मला शांत माणूस समजतात. यात माझ्या स्वभावाचा काही हात नाही, सगळी करामत आडनावाची आणि नागपूरची. आमच्या मजल्यावर दर बुधवारी जेवणाआधी ध्यान करायचं ठरलं आणि ते घेणार कोण असा प्रश्न निघाला, तेव्हा मॅनेजरबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तुम्ही बुद्धिस्ट ना? तुमच्या घरी तर हे रोजचंच असेल.”

आमच्या घरी रोजचं काय होतं? अंघोळ करून बुद्धाच्या फोटोसमोर मेणबत्ती, अगरबत्ती, त्रिशरण, पंचशील, आणि ते संपताक्षणी पोह्यांवर झडप. रविवारी विहार, पौर्णिमेला खीर. डोळे मिटून श्वासाकडे बघत बसलेलं घरात मी कुणालाच पाहिलं नव्हतं. श्वास आम्हाला जिना चढल्यावर आठवायचा. पण मला नाही म्हणता येत नाही. मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले, आवाज जरा खाली आणला आणि एचएसआर लेआउटमधल्या त्या काचेच्या इमारतीत मी गुरू होऊन बसलो.

त्याच सुमारास आई नागपूरहून आली. तिच्या गळ्यावर, कानाखाली, एक गाठ होती. ती तिने अख्खी थंडी पदराखाली झाकून काढली. जयनगरच्या डॉक्टरांनी सुई घालून नमुना घेतला आणि रिपोर्ट माझ्या फोनवर येईल म्हणून सांगितलं.

“दुखते का गं?” मी ऑटोत विचारलं.

“नाही रे बाप्पा. दुखत असतं तर तुले सांगितलं नसतं का?”

तो रिपोर्ट आला बुधवारी, भर ध्यानात. समोर वीसेक माणसं डोळे मिटून बसलेली. मी गुरूच्या आवाजात म्हणालो, “श्वास सावकाश आत घ्या,” आणि मांडीवरचा फोन थरथरला. एक डोळा उघडून पाहिलं. पेशी संशयास्पद आहेत, पुढच्या तपासण्या कराव्यात, लवकर येऊन भेटा. मी ते पुन्हा वाचलं. मग पुन्हा. कोपऱ्यातला एक जण खोकला, दुसरा फुस्सकन हसला, तेव्हा ध्यानात आलं की श्वास सोडा म्हणायचं राहूनच गेलंय.

घरी आल्यावर हाच किस्सा मी आईला रंगवून सांगितला. फोनचा भाग तेवढा गाळला. ती गळ्यावर हात ठेवून हसली. म्हणाली, “अन् रिपोर्ट?”

“अजून नाही आला.”

बायकोलाही सांगितलं नाही. तिच्या चेहऱ्याला खोटं बोलता येत नाही, अर्ध्या तासात आईला कळलं असतं. आधी अपॉइंटमेंट मिळू दे, मग सांगू, असं मी मनाशी ठरवलं. क्लिनिकची बाई रोज अर्ध्या कानडीत म्हणे, “स्वल्प वेट माडी, सर.” म्हणजे जरा थांबा. आणि मी थांबण्याचंच निमित्त शोधत होतो.

आई आली की वंदना तीच घेते. ती पुढे म्हणणार, आम्ही दोघं मागे. गुरुवारी सकाळी चौथं शील आलं. मुसावादा वेरमणी, खोटं बोलण्यापासून दूर राहीन. जन्मभर रेल्वेच्या वेगाने म्हटलेली ओळ, कधी अर्थाकडे लक्ष गेलं नव्हतं. त्या दिवशी ती घशात अडकली. मी खोकलो.

पोहे वाढताना आई म्हणाली, “खोकला झाला का तुले? बरोबर चौथ्यालेच आला.”

“ऑफिसच्या एसीचा आहे.”

“हाव. एसी लय हुशार दिसते तुमचा.”

ध्यानाचा एक परिणाम मात्र खरा झाला. मला दिसायला लागलं, आणि दिसू नये तेच दिसायला लागलं. आई पोळी ताटात तशीच ठेवते, वरण-भात तेवढा खाते. हाक मारली की मान न वळवता अख्खी वळते. चहा घोट-घोट, डोळे बारीक करून पिते. मी श्वासाकडे बघायला बसलो की श्वास राहायचा बाजूला, मी तिचे घोट मोजत बसायचो.

शनिवारी पुन्हा चौथी ओळ आली. मी खोकणार नव्हतो. ओठ नुसते हलवायचे असं ठरवून आलो होतो. हलवले. पण ओळ पूर्ण ऐकू आली ती सवयीने म्हणून गेलेल्या एकट्या बायकोच्या आवाजात. आईसुद्धा गप्प होती.

बायको बावरली. “आई, विसरलात का?”

“नाही. तू थांब जराशी.” आई फोटोकडेच बघत होती. “काहून रे, रिपोर्ट आला नं?”

“आला.”

“बुधवारी. लोकाइले श्वास धरायले लावून तू फोन पाहत होता. मले तवाच समजलं. इतका वेंधळा नाहीस तू.”

बायको माझ्याकडे बघत होती आणि ते बघणं रिपोर्टपेक्षा सोपं नव्हतं.

“मंग मी बी सांगतो,” आई म्हणाली. “दुखते. गिळताना लय दुखते. थंडीपासून. तू घाबरट, म्हणून नाही बोलली.”

मी फोन काढून सगळं वाचून दाखवलं. तिने ‘संशयास्पद’ हा शब्द पुन्हा म्हणायला लावला, मग मान हलवली, जेवढी हलत होती तेवढी. पंचशील तसंच अर्धं सोडणं तिला जमणार नव्हतं. चौथं पुन्हा घेतलं, पाचवं घेतलं. मेणबत्ती अर्धी जळली होती.

“लाव आता फोन त्या बाईले,” ती म्हणाली. “आजच येतो म्हण. थांबत नाही म्हण.”

मी स्पीकरवर फोन लावला. तिकडे नुसती रिंग वाजत राहिली. आईने माझ्या पाठीवर हात ठेवला.

“श्वास सोड रे,” ती म्हणाली. “धरून ठेवला आहेस.”