फुनाबोरीतली जास्वंद

जपानमधल्या फुनाबोरीला आम्ही राहायला गेलो तेव्हा नवऱ्याच्या ऑफिसातले निम्मे लोक पुण्याचेच होते. परदेशात आल्यासारखं वाटतच नाही, असं तो म्हणायचा. तो सकाळी जायचा ते थेट रात्री उगवायचा, त्यामुळे परदेश काय तो माझ्या एकटीच्या वाट्याला आला होता. सोबतीला माझा अर्धवट प्रबंध होता. त्याचा विषय ऐकून नातेवाईक बोलणं दुसरीकडे वळवायचे: शेकडो वर्षांपूर्वी इंग्लंडात एकेका कागदावर छापून, बाजारात गाऊन विकली जाणारी गाणी आणि त्यांतले गुन्हे.

मला ती गाणी मनापासून आवडायची. साक्षीदार नाही, पुरावा नाही, तरी कोणी सुटत नाही. खुन्याने हात लावला की प्रेतातून रक्त वाहतं. दुष्काळात धान्य दडवणाऱ्याला उंदीर खातात. ‘खोटं बोलत असेन तर धरणी मला गिळो’ म्हणणारीला धरणी तिथल्या तिथे गिळून टाकते. आपल्याकडे धरणी पोटात घेते ती सीतेला, माहेरी नेल्यासारखी. तिकडे ती फौजदारकी करते. या फरकावर मी अख्खं प्रकरण लिहिणार होते.

आमच्या इमारतीच्या दाराशी तळमजल्यावरच्या आजींच्या कुंड्या होत्या आणि त्यांत चक्क लाल जास्वंद. मला इतका आनंद झाला की पहिल्याच सकाळी मी एक फूल खुडलं आणि गणपतीला वाहिलं. मग रोजच. देवासाठी नेलेलं फूल म्हणजे चोरी नव्हे, हे मी लहानपणापासून बघत आले होते. आमच्या गल्लीत पहाटे पिशव्या घेऊन फिरणारी माणसं अत्यंत सज्जन होती.

दर बुधवारी दुपारी आजी मला जपानी शिकवायच्या आणि मी त्यांना इंग्रजी. त्या देशात माझ्याशी गप्पा मारणारं तेवढं एकच माणूस होतं. एका बुधवारी चहा ओतता ओतता त्यांनी विचारलं, फुलं कोणीतरी नेतंय, तुम्ही कोणाला पाहिलंत का? ‘नाही’ म्हणायला मला क्षणही लागला नाही. त्याची लाज अजून वाटते. त्या दिवसापासून मी फुलाला हात लावला नाही आणि प्रकरण मिटलं असं समजून चालले.

दोन-अडीच महिने गेले. आजींनी सहज माझ्या अभ्यासाबद्दल विचारलं आणि मी खुलले. सोप्या इंग्रजीत त्या शपथेची गोष्ट सांगू लागले. बाईने खोटी शपथ घेतली आणि तिच्या पायाखालची जमीन... इथवर आले आणि जमीन हलली. कपाट खडखडलं, दिवा झुलायला लागला, चहा सांडला. आजींनी सवयीने उठून, अडकू नये म्हणून बाहेरचं दार उघडून ठेवलं. मी टेबलाखाली शिरून मराठी, इंग्रजी आणि जपानी अशा तिन्ही भाषांत कबुली देत होते, की फुलं मी चोरली.

हादरा तसा किरकोळच होता. सगळं शांत झाल्यावर आजी हसतील असं मला वाटलं. त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या मजल्यावर एक आजोबा एकटे राहायचे. आजींनी त्यांच्यावर संशय घेतला होता, आणि त्यांच्याशी बोलणंच काय, त्यांना नमस्कार करणंही सोडलं होतं. मग फुलं जायची थांबली, तेव्हा चोर तेच अशी आजींची खात्रीच पटली.

लगेच बिस्किटांचा डबा घेऊन आम्ही दोघी वर गेलो. आजी कमरेत वाकल्या, मी त्यांच्याहून खाली वाकले आणि सगळं सांगितलं. आजोबांनी डबा दोन्ही हातांनी घेतला.

“माझंच काहीतरी चुकलं असणार असं वाटत होतं,” ते आजींना म्हणाले. “काय चुकलं, ते रोज आठवून पाहत होतो.”

पुढच्या बुधवारी आजींकडे तीन कप मांडलेले होते. ते बुधवार आम्ही परत येईपर्यंत चालले आणि तसे बुधवार मला पुन्हा मिळाले नाहीत. प्रबंधही झाला, पण धरणीचं प्रकरण मी गाळलं. उगाच संशय आलेल्या माणसाचं काय होतं, याचं एकही कडवं मला त्या गाण्यांत सापडलं नव्हतं.

आता पुण्यात आमच्या सोसायटीतली जास्वंद रोज कोणीतरी खुडून नेतं. मीटिंगमध्ये हटकून वॉचमनचं नाव निघतं. मग मी हात वर करते आणि सांगते, फुलं मीच नेते. तशी शपथ घ्यायचीही माझी तयारी असते. जमीन अजून तरी हललेली नाही.