सात वेळा पहिलंच गाणं

गायक पुण्याला गेला आणि जवाहरनगरच्या क्वार्टरात आमचा रॉक बँड मुका झाला. मग मोहाडीचे एक बाबू आले. दिवसा तहसीलात दाखले देणारे, दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांत गाणारे. चपला बाहेर काढून त्यांनी आधी ड्रमला नमस्कार केला. मग असे गायले, की आम्ही लगेच हो म्हणून टाकलं.

पहिल्याच कार्यक्रमात एक म्हातारा ओरडला, "वन्स मोर!" बाबूंनी नाटकातल्यासारखं गाणं पुन्हा सुरुवातीपासून घेतलं. मग परत. आम्ही सात गाणी बसवली होती. सातही वेळा पहिलंच वाजलं.

"काका, पुढचं घ्या ना!"

"लोकं मांगून राहिले गा, नाही कसं म्हनू?"

गिटारवाल्याने त्याच दिवशी बँड सोडला. सध्या आम्ही गिटारवाला शोधून राहिलो.