सगळीकडे तुझंच ठेवलं

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी आम्ही दोघींनी पापड-मिरगुंड विकायचं अ‍ॅप करायला घेतलं होतं. वस्तूंची यादी मैत्रिणीकडे, ऑर्डरचा भाग माझ्याकडे. ती रोह्याची, मी पेणच्या रामवाडीची. सोमवारी सर बघणार होते आणि प्रत्येकीला वेगळं विचारणार होते, तू काय केलंस? आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. या प्रश्नाला मी जरा जास्तच घाबरून होते.

रविवारी सकाळी रोह्याला तिच्या घरी गेले. तिने अ‍ॅप उघडलं. पापड होते, मिरगुंड होतं, ऑर्डरचं बटण नव्हतं. पत्ता लिहायची जागाही नव्हती. माझं सगळं काम गेलं होतं, आणि तसं म्हणायचा संकोच वाटत होता, कारण तिच्या आईने नुकतेच पुढ्यात घावने ठेवले होते.

एक घावन संपवून म्हटलं, "बटण दिसत नाय गो."

"असेल की. काल मी रिबेस केलं ना."

रिबेस म्हणजे आपलं काम उचलायचं आणि दुसरीच्या ताज्या कामावर पुन्हा बसवायचं. दोघींनी एकाच जागी फेरफार केला असेल तर दोघींचं काम जुळवून ठेवणारा गिट नावाचा प्रोग्राम थांबतो आणि विचारतो, कोणाचं ठेवू, 'आपलं' की 'त्यांचं'?

"दरवेळी मी 'त्यांचं'च म्हटलं," ती म्हणाली. "सगळीकडे तुझंच ठेवलं."

शोधल्यावर कळलं की रिबेस करताना हे उलटं असतं. खाली आधीपासून असलेलं माझं काम गिटच्या लेखी 'आपलं', आणि वर आणून बसवायचं तिचं काम 'त्यांचं'.

तिची आई ऐकत होती. "म्हणजे हिला वाढायला गेलीस नि आपल्याच ताटात घेतलंस?"

"व्हय. तेपण आग्रह करकरून."

सुदैवाने गिट जुन्या अवस्था काही काळ जपून ठेवतं. तिचं काम कालच्या रिबेसच्या आधीच्या अवस्थेत नेलं. माझ्या लॅपटॉपवर मी ताजं काही ओढून घेतलं नव्हतं, त्यामुळे तिथे माझं काम शाबूत होतं. त्यावर पुन्हा रिबेस लावलं. गिट पहिल्यांदा थांबलं.

"तुझं राहू दे."

"नाय गो, तुझंच राहू दे."

घावने निवले. मग आम्ही मुकाट्याने ओळी वाचायला लागलो. तिच्या पापडाच्या किमतीच्या ओळीचं आणि माझ्या बटणाचं भांडण नव्हतंच, दोन्ही नीट मावत होतं. दुपारपर्यंत बटण परत आलं.

सोमवारी सरांनी ते दाबून पाहिलं. "हे कोणी केलं?"

तिचं बोट माझ्याकडे होतं. माझं, सवयीने, तिच्याकडे.

"ठरवा आधी," सर म्हणाले.

मी बोट खाली घेतलं. "मी, सर."

"ऐकू नाही आलं."

"मी केलंय," मी म्हटलं, आणि पत्त्याच्या जागेबद्दल न विचारताच सांगायला लागले.